फात खी माव आणि जे फाय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थाई स्वयंपाकाबद्दल जे प्रश्न येतात त्यांतले निम्मे फात खी माव, म्हणजे ‘ड्रंकन नूडल्स’, या एका ताटलीभोवती फिरतात. उरलेले बरेचसे बँकॉकमध्ये गॉगल लावून कढईपुढे उभ्या असणाऱ्या जे फाय या आजींबद्दल असतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवलं आहे. एखाद्या उत्तराचा भाग दुसऱ्या उत्तरात असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘ड्रंकन नूडल्स’ म्हणजे नक्की काय? त्यात दारू असते का?

नसते. थाई नाव ‘फात खी माव’. फात म्हणजे मोठ्या आचेवर परतलेलं, माव म्हणजे झिंगलेला आणि ‘खी’ हे एखाद्या गोष्टीची खोड असलेल्या माणसाला लावायचं पद. म्हणजे खी माव हा आपला सरळसरळ बेवडा. बोटभर रुंदीच्या तांदळाच्या नूडल्स, ठेचलेली मिरची-लसूण, मासळी किंवा मांस आणि शेवटी मूठभर थाई तुळस, एवढा हा ऐवज. मेन्यूवर ‘पॅड’ लिहिलेलं असतं, पण थाई माणसाचा उच्चार ‘फात’च्या जवळ जातो.

नाव कसं पडलं याच्या तीन गोष्टी सांगतात. रात्री पिऊन आल्यावर हेच तिखटजाळ खावंसं वाटतं, ही एक. झिंगलेल्या माणसाने घरात सापडेल ते कढईत टाकलं, ही दुसरी. आणि इतकं तिखट की सोबत काहीतरी प्यावंच लागतं, ही तिसरी. एकीलाही कागदोपत्री पुरावा नाही. मला दुसरी आवडते, कारण पदार्थाचा स्वभाव खरंच तसा आहे. परदेशी पाककृतींत वाइन घालतात ती नावावरून केलेली कल्पना आहे. तिची गरज नाही.

२. मग पॅड थाय आणि यात फरक काय? आणि पॅड सी इव?

पॅड थाय बारीक नूडल्सचा, चिंचेचा, गुळचट-आंबट आणि वरून शेंगदाण्याचा कूट घातलेला. त्यामागे राजकारणही आहे: १९३८ ते १९४४ या काळात पंतप्रधान असलेल्या फिबुन सोंगखराम यांनी राष्ट्रीय अस्मितेच्या मोहिमेत नूडल्स खाण्याचा जोरदार प्रचार केला आणि तेव्हापासून हा पदार्थ घराघरांत पोचला. देशाचं नाव ‘सयाम’चं ‘थायलंड’ झालं ते याच काळात, १९३९ मध्ये.

पॅड सी इव हा खी मावचा सख्खा भाऊ. नूडल्स त्याच रुंद, पण सोया सॉसचा गोडसरपणा, अंडं आणि हिरवी चिनी पालेभाजी. मिरची आणि तुळस नाही. त्याच नूडल्सवर दाटसर रस्सा ओतला की ‘रात ना’. तिन्हींची मुळं थायलंडात आलेल्या चिनी, त्यातही तेओच्यू लोकांच्या कढईत आहेत. मिरची मात्र अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या व्यापारामार्फत आशियात आली. पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये, मलाक्का १५११ मध्ये, आणि तिथून लगेच सयामची तेव्हाची राजधानी असलेल्या अयुथयाच्या दरबारात दूत पाठवला. तेव्हा गोव्याची आणि बँकॉकची मिरची तशी एकाच जहाजाच्या नात्यातली.

३. जे फाय कोण? हे खरं नाव आहे का?

खरं नाव सुपिन्या चुन्सुता. जन्म १९४५ च्या सुमाराचा. ‘जे’ हा तेओच्यू चिनी शब्द, अर्थ मोठी बहीण. ‘फाय’ म्हणजे तीळ किंवा चामखीळ. चेहऱ्यावरच्या खुणेवरून पडलेलं नाव, आपल्याकडे गल्लीत ‘तीळवाली ताई’ म्हणावं तसं. थाईत ‘आग’ या अर्थाचा शब्दही ‘फाय’च आहे, फक्त सूर वेगळा. त्यामुळे अनेकजण नावाचा अर्थ ‘आगीवाली ताई’ असा लावतात. चूक आहे, पण त्यांना कोळशापुढे पाहिल्यावर दुरुस्त करावीशी वाटत नाही.

आई-वडील चिनी वंशाचे, खाण्याचे पदार्थ विकणारे. तरुणपणी त्या मात्र शिवणकाम करत. घराला आग लागली, सगळं गेलं आणि त्यानंतर त्या चुलीकडे वळल्या. आज बँकॉकच्या महाचाय रस्त्यावर त्यांचं साधं, उघडं दुकान आहे.

४. म्हणजे हा पदार्थ त्यांनीच शोधला ना?

नाही. हा प्रश्न सारखा येतो, म्हणून स्पष्टच सांगतो. खी माव बँकॉकच्या कोणत्याही गल्लीत मिळतो आणि त्याचा शोध कुणा एकाच्या नावावर नाही. आपल्याकडे मिसळ कुणी शोधली असं विचारल्यासारखंच आहे ते. जे फाय यांनी तो समुद्री मेव्यासह इतक्या निगुतीने केला की जगाने पदार्थ आणि बाई यांची नावं एकत्र जोडली. त्यांच्या दुकानाची खरी ओळख खेकड्याच्या मांसाने गच्च भरलेलं, सुरळीसारखं गुंडाळलेलं आम्लेट आहे. खी माव तिथे दुसऱ्या क्रमांकावर, पण जाणकार आधी तोच मागवतात. मी तरी मागवेन.

५. त्यांच्या नूडल्समध्ये असं वेगळं काय असतं? सॉसचं काही गुपित आहे का?

सॉस मागणाऱ्यांची पत्रं सगळ्यात जास्त, आणि त्यात गुपित सगळ्यात कमी. ऑयस्टर सॉस, सोया, फिश सॉस, साखर हे कुठल्याही थाई स्वयंपाकघरात असतं. फरक तीन ठिकाणी आहे.

पहिला माल. टपोरी कोळंबी, ताजी मासळी, खेकड्याचे मोठे तुकडे. गाडीवर घालतात त्याच्या कितीतरी पट महाग.

दुसरा आच. जे फाय कोळशावर शिजवतात. निखारे फुललेले, कढई धूर सोडेपर्यंत तापलेली आणि एका वेळी मोजकाच ऐवज आत. नूडल्स कढईला टेकतात, कडा करपल्यासारख्या होतात, तेलाचे बारीक थेंब उडून पेटतात आणि तो धूर पुन्हा अन्नावर बसतो. कँटनी लोक याला ‘वॉक हेय’ म्हणतात, कढईचा श्वास. आपल्याकडे वांगं निखाऱ्यावर भाजल्यावर भरताला जो वास येतो, त्याच कुळातला हा वास. गॅसवर उकडलेल्या वांग्याचं भरत आठवा, म्हणजे घरच्या खी मावमध्ये काय हरवतं ते कळेल.

तिसरा फरक कोरडेपणा. चांगल्या खी मावच्या ताटलीत तळाला रस साचत नाही. सॉस नूडलमध्ये मुरलेला असतो, भोवती पोहत नसतो.

आणि हो, ‘जे फाय यांची अस्सल कृती’ म्हणून फिरणाऱ्या याद्यांवर विश्वास ठेवू नका. तराजू-चमच्याने नव्हे, हाताच्या अंदाजाने काम करणाऱ्या बाई आहेत त्या.

६. रस्त्यावरच्या दुकानाला मिशेलिन तारा मिळाला हे खरं का? मग इतकं महाग कसं?

खरं आहे. मिशेलिन म्हणजे रेस्टॉरंटांना दर्जानुसार तारे देणारी मार्गदर्शिका. बँकॉकची पहिली मिशेलिन मार्गदर्शिका डिसेंबर २०१७ मध्ये आली आणि तिच्यात जे फाय यांना एक तारा मिळाला. सिंगापूरमध्ये खाद्यगाळ्यांना २०१६ मध्येच तारे मिळाले होते, पण बँकॉकच्या रस्त्यावर हा पहिलाच. ही मार्गदर्शिका आपोआप उगवली नव्हती, हेही सांगायला हवं. थायलंडच्या पर्यटन प्राधिकरणाने पाच वर्षांसाठी १४.४ कोटी बाथ (थाई चलन) त्यासाठी मंजूर केले होते. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवरच्या आशियाई रस्त्यांवरच्या खाण्याच्या मालिकेत पहिला भाग बँकॉकचा होता आणि त्यात त्या होत्या. २०२१ मध्ये आशियातल्या उत्तम रेस्टॉरंटांची यादी काढणाऱ्या ‘एशियाज फिफ्टी बेस्ट’चा आयकॉन पुरस्कारही मिळाला.

महाग म्हणाल तर त्या ताऱ्याच्या आधीपासूनच महाग होत्या. कोपऱ्यावरच्या गाडीवर नूडल्सची ताटली ५०-६० बाथला मिळायची तेव्हा यांच्याकडे काहीशे बाथ पडत. खेकड्याचं आम्लेट २०१८ च्या सुमारास १००० बाथपर्यंत गेलं होतं. शेजारपाजारचे थाई लोक तेव्हाही नाक मुरडत. माझं मत असं : कोळंबी आणि खेकड्याचा भाव आणि प्रत्येक ताटली एकाच माणसाच्या हातून जाणं, हे पाहता किंमत समजते. पटलीच पाहिजे असं नाही. तारा मिळाल्यावर गर्दी आणि करखात्याच्या चौकश्या इतक्या वाढल्या की तो परत देता आला तर बरं, असं त्या स्वतःच बोलून गेल्या होत्या.

७. त्या डोळ्यांना गॉगल का लावतात? प्रसिद्धीसाठी?

तेल उडतं म्हणून. बर्फावर घसरताना लावतात तसला मोठा चष्मा आहे तो. निखारे, उकळतं तेल आणि मिरचीचा धूर यांपुढे रोज तासन्‌तास उभं राहणाऱ्या माणसाला तो लागतोच. घरी करणार असाल तर साधा चष्मा असला तरी काढून ठेवू नका.

८. बँकॉकला जातोय. तिथे जाणं जमेल का?

पत्ता ३२७, महाचाय रस्ता, जुन्या शहरात. साम योत हे मेट्रो स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळी लवकर नाव नोंदवून तासन्‌तास थांबण्याची तयारी हवी. वेळा आणि सुट्ट्या बदलतात, त्यामुळे निघण्याआधी ताज्या वेळा पाहूनच घ्या. शेफ आता वयस्कर आहेत हेही लक्षात असू द्या.

काही पावलांवर थिपसमाय हे पॅड थायचं १९६६ पासूनचं दुकान आहे. रांगेत वैताग आला तर तिकडे वळावं. या भागाला ‘प्रतू फी’ म्हणजे भुताचा दरवाजा म्हणतात. जुन्या तटबंदीच्या काळात शहरातले मृतदेह या दारातून बाहेर काढून वात साकेत या बौद्ध मंदिरात दहनासाठी नेत. ‘प्रतू’ हा शब्द दरवाजासाठी आहे. प्रतीक्षा करता करता एवढं थाई शिकून होतं.

९. रुंद नूडल्स आमच्या गावात मिळत नाहीत. शेवया, हक्का नूडल्स चालतील?

गव्हाच्या हक्का नूडल्सने चव जमेल, पोत जमणार नाही. शेवया नकोतच. मोठ्या शहरांत वाळवलेल्या रुंद राइस नूडल्स मिळतात. त्या उकळायच्या नाहीत, गरम पाण्यात भिजवून वाकतील पण तुटणार नाहीत इतपतच मऊ करायच्या.

पण ज्यांच्या घरी उन्हाळ्यात तांदळाच्या फेण्या होतात त्यांना मी वेगळंच सांगतो. ताज्या रुंद नूडल्स, ज्यांना थाईत ‘सेन याय’ म्हणतात, म्हणजे जवळपास न वाळवलेली फेणीच. एक वाटी बारीक तांदळाचं पीठ, पाव वाटी टॅपिओका स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर, चिमूट मीठ, चमचाभर तेल आणि पावणेदोन वाट्यांच्या आसपास पाणी. दुधासारखं पातळ मिश्रण अर्धा तास ठेवायचं. फेण्यांच्या स्टँडच्या ताटल्यांना तेलाचा हात लावून त्यावर पातळ थर पसरायचा आणि तीन-चार मिनिटं वाफवायचा. थर पारदर्शक दिसला की झाला. सोलून काढा, वरून तेल लावा, एकावर एक रचा आणि गार झाल्यावर बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापा. आजीला मदतीला घ्या. पातळ थर फाटू न देता सोलायचा हात तिच्याकडे आधीच आहे.

१०. तुळस घालायची म्हणता, पण ती वृंदावनातली? मनाला पटत नाही.

पटायची सक्ती नाही. पण वनस्पती खरंच तीच आहे. थाई ‘कफ्राव’ आणि आपली तुळस एकाच जातीच्या, वाण वेगळे. थाई वाणाचा वास मिरमिरीत, मिरीसारखा. आपल्या तुळशीत लवंगेचा आणि औषधाचा भाग जास्त. म्हणून आपली घातलीच तर अर्धीच घाला. थाई घरांत कफ्रावला स्वयंपाकघराबाहेर फारसं स्थान नाही, त्यामुळे तिकडे हा प्रश्नच उभा राहत नाही. ज्यांना कोळंबीच्या कढईत तुळस टाकायला हात धजत नाही त्यांनी थाई बियाणं आणून वेगळी कुंडी लावावी. ती कुंडी अंगणात नको, गच्चीवर ठेवा, म्हणजे सासूबाईंशी वाद होणार नाही.

बाजारात ‘थाई बेसिल’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ‘होराफा’ असतं. जांभळट देठ, बडीशेपेसारखा गोड वास. ते आपल्या सब्ज्याच्या कुळातलं. तेही चालतं, पण चव वेगळ्या वाटेने जाते.

११. घरच्यासाठी साधी कृती द्या.

एका ताटलीची देतो. दोन ताटल्या हव्या असतील तर दोनदा करा, कारण प्र. १२ मध्ये आहे.

लसणाच्या चार पाकळ्या आणि चार-पाच लवंगी मिरच्या खलबत्त्यात जाडसर ठेचा. मिक्सरमध्ये नको, पाणी सुटतं. वाटीत एक मोठा चमचा ऑयस्टर सॉस, एकेक छोटा चमचा सोया सॉस, फिश सॉस आणि साखर कालवून हाताशी ठेवा. ताज्या नूडल्स २०० ग्रॅम, आधी हाताने सुट्या केलेल्या.

कढई धूर निघेपर्यंत तापवा, तेल सोडा, नूडल्स आणि अर्धा छोटा चमचा गडद सोया सॉस घालून अर्धा मिनिट हलवूच नका. खाली डाग पडू द्या. उलटा, पुन्हा तसंच, मग काढून ठेवा. त्याच कढईत थोडं तेल, त्यात ठेचा. ठसका लागेल, खिडकी उघडी हवी. लगेच सहा-सात सोललेल्या कोळंब्या, त्या वळल्या की चवळीच्या शेंगांचे तुकडे किंवा बेबी कॉर्न. नूडल्स परत आत, वरून वाटीतलं सॉस कढईच्या कडेने. तीस सेकंद. गॅस बंद करून मोठी मूठ तुळस, दोनदा उलटलं की झालं.

हिरव्या मिरीचा घोस मिळाला तर अवश्य घाला. कोकणात सुपारीवर चढवलेल्या वेलींची हिरवी मिरी हंगामात ताजी मिळते आणि ती या पदार्थात अगदी घरच्यासारखी बसते. ‘क्रचाय’ नावाचं बोटांसारखं मूळ थाई लोक समुद्री मेव्याच्या खी मावमध्ये घालतात. ते नसेल तर सोडून द्या. त्याजागी आलं घातलं की चव चायनीज गाडीकडे वळते.

१२. माझ्या नूडल्सचा लगदा होतो आणि तो धुराचा वासही येत नाही. काय चुकतं?

दोन्हींचं कारण एकच : कढईत गर्दी. चार ताटल्यांचा ऐवज एकदम टाकला की कढई गार होते, पाणी सुटतं, नूडल्स भाजण्याऐवजी शिजत राहतात आणि तुम्ही घाबरून ढवळत राहता. ढवळलं की तुटतात. एका वेळी एकच ताटली, पातळ लोखंडी कढई, सगळ्यात मोठा बर्नर. नॉनस्टिक इतकं तापवू नका, ते त्यासाठी नसतं.

फ्रिजमधल्या ताज्या नूडल्स ताठ होऊन तुकडे पडत असतील तर तो गारव्याने घट्ट झालेला स्टार्च आहे. आधी वाफेवर मऊ करून घ्या, मग कढईत टाका. घरचा गॅस कोळशाची बरोबरी करणार नाही. अंगणात शेगडी असेल तर एकदा करून बघा आणि मग मला लिहा.

१३. आम्ही शाकाहारी आहोत. फिश सॉस, ऑयस्टर सॉसला पर्याय?

ऑयस्टर सॉसऐवजी मशरूमचं ‘व्हेजिटेरियन ऑयस्टर सॉस’ मिळतं, ते जवळपास तंतोतंत काम करतं. फिश सॉसऐवजी सोया सॉस आणि वर चिमूट मीठ. कोळंबीऐवजी घट्ट टोफू किंवा मशरूम, दोन्ही आधी वेगळे कोरडे परतून घ्या. पनीरने मला तरी समाधान झालं नाही.

१४. बँकॉकमध्ये शाकाहारी खी माव कसा मागायचा? ‘जे’ म्हणायचं ना?

इथे गंमत आहे. थाईत ‘जे’ हा शब्द चिनी बौद्ध पद्धतीच्या कडक शाकाहारालाही वापरतात, पण ताईवाल्या ‘जे’पेक्षा सूर वेगळा. जे फाय हे नाव वाचून त्यांचं दुकान शाकाहारी समजणारे लोक मला भेटले आहेत. ‘जे’ जेवणात मांस, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतं. त्यामुळे आपल्या जैन मंडळींना तो शब्द सर्वांत उपयोगी, फक्त बटाट्यासारख्या इतर कंदमुळांचं वेगळं विचारावं लागेल. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, म्हणजे बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात, नऊ दिवसांचा ‘जे’ उत्सव असतो. तेव्हा पिवळे झेंडे लावलेल्या गाड्या जागोजागी दिसतात.

दुसरा शब्द ‘मांगसविरत’. ऐकल्यावर ओळखीचा वाटेल, कारण तो आपला ‘मांस’ आणि ‘विरती’च आहे. यात अंडं-दूध चालतं, लसूणही चालते. पण गाडीवाल्याला फिश सॉस हा मांसाहार वाटेलच असं नाही, म्हणून ‘माय साय नाम प्ला’, फिश सॉस घालू नका, हे वेगळं सांगा.

१५. तांदळाच्या नूडल्स आहेत, म्हणजे ग्लुटेन नाही ना?

नूडल्समध्ये नाही, सॉसमध्ये असतं. सोया आणि ऑयस्टर सॉस दोन्हींत बहुधा गहू असतो. बाटलीवरचं लेबल वाचा.

१६. मुलांना इतकं तिखट चालत नाही. मिरची काढली तर?

मग तो खी माव राहत नाही, पॅड सी इवच्या जवळ जातो (प्र. २). त्यापेक्षा त्यांच्यासाठी सरळ तोच करा. मोठ्यांचं तिखट कमी-जास्त टेबलावर करता येतं. थाई टेबलावर चार गोष्टी असतात : मिरचीपूड, साखर, फिश सॉस आणि व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या मिरच्या. यांतल्या शेवटच्या दोन चमच्यांनी खी माव अचानक जागा होतो. जाता जाता : लवंगीसारख्या त्या बारीक थाई मिरचीचं नाव ‘फ्रिक खी नू’, शब्दशः उंदराच्या लेंडीची मिरची. ‘खी’चा मूळ अर्थ तिथे कळतो.

१७. डब्यात नेता येईल का?

नेता येईल, पण दुपारपर्यंत नूडल्स घट्ट होऊन एकमेकींना चिकटतात. पाण्याचा हबका मारून झाकून गरम केल्या तर पोटभरीच्या होतात. तुळशीचा वास मात्र गेलेला असतो.

१८. वाढदिवसाला वीस माणसं येणार आहेत. खी माव ठेवावा म्हणते. प्रमाण काय घेऊ?

वीस पट घ्या आणि वीस वेळा करा. प्रत्येक ताटलीला तीन मिनिटं धरली तर एक तास कढईपुढे, तोही पाहुण्यांना पाठ करून. ते जमत नसेल तर त्या दिवशी पुलाव करा.